तिसऱ्या प्रकरणातला म्हातारा

दौलतनानांनी मला फसवलं. आडवळणाने सांगायची मला सवय नाही, म्हणून सरळ सांगतो. पावसाळा संपल्यापासून नाताळपर्यंत, दर रविवारी, मी चारलेली मिसळ खात आणि माझ्याच डोळ्यांत बघत त्यांनी मला फसवलं. आणि मी कोण? देवळा गावी लोकांच्या गोण्या शिवणारा पोरगा, आज ज्याचं कांदा निवडून भरायचं स्वतःचं खळं आहे. लिलावात ट्रॉलीवरचा वरवरचा कांदा बघून मी आयुष्यात कधी बोली लावली नाही. कोपरापर्यंत हात आत घालतो, तळातला कांदा वर काढतो, दाबून बघतो, मगच तोंड उघडतो. अशा माणसाला एका द्राक्षवाल्याने गंडवलं. तेही मालात नाही, गोष्टीत.

नाना आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. बायको गेली, मुलगा बंगळुरूला नोकरीला, दिंडोरीकडची बाग पुतण्या बघतो. बाग पुतण्याकडे गेली तरी नाना अजून बागेतच आहेत. त्यांना काहीही विचारा, आधी बाल्कनीत जाऊन आभाळाकडे बघणार.

"नाना, चहा घेणार?"

"हवामान बघून सांगतो."

"नाना, सोसायटीच्या मीटिंगला येताय ना?"

"हवामान बघू."

द्राक्षवाल्याचं सगळं ढगाच्या हातात असतं, म्हणून ही सवय असणार, असं मी धरून चाललो होतो. पुढे ध्यानात आलं, की नानांना जिथे उत्तर द्यायचं नसतं तिथे ढग हटकून येतात. गेल्या उन्हाळ्यात आमच्या हिने विचारलं, "सई यंदा किती दिवस आहे?" बाहेर डोळे दिपतील असं ऊन होतं. नाना आभाळाकडे बघत म्हणाले, "हवामान बघून सांगतो, वहिनी."

सई म्हणजे नानांची नात. चौदा वर्षांची. पूर्वी परीक्षा संपली की यायची आणि शाळा उघडेपर्यंत हलायची नाही. आजोबांच्या मागे मागे फिरायची, जिन्यात नुसता दंगा. त्या उन्हाळ्यात आली, क्लास आहेत म्हणाली, चार दिवस फोनमध्ये मान घालून बसली आणि गेली. जाताना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक टेबलावर ठेवून गेली. "आजोबा, हे वाचा. मग बोलू आपण."

आता शेतकऱ्याला कोणी काम सांगितलं आणि त्याने ते मनावर घेतलं, म्हणजे काय होतं ते बघा. नाना जुन्या मॅट्रिकचे. त्यांनी सईचीच शाळेतली डिक्शनरी माळ्यावरून काढली. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. कव्हर कशाला म्हणून विचारलं, तर म्हणे, "घडाला पेपर लावतो तसं. ऊन लागलं की मालाचा रंग बदलतो." आणि पावसाळाभर ते पुस्तक वाचत बसले.

मला हे काही माहीत नव्हतं. एका सकाळी पार्किंगमध्ये गाडी काढत होतो, तर नाना जवळ येऊन हळूच म्हणाले, "शेठ, पाहुणे उतरले."

"कुठे?"

"पाण्याच्या टाकीमागं. तीन पायांचे हायेत."

मी टाकीमागे जाऊन बघून आलो. हे मी कोणाला सांगत नाही, तुम्हाला सांगतोय.

मग उलगडा झाला. पुस्तकात एक गाव आहे, अमेरिकेतलं. तिथे परग्रहावरून कोणी कोणी येतात आणि गाव ताब्यात घेतात. चौदा-पंधरा वर्षांची एक पोरगी त्यांच्याशी लढते. पोरगीबरोबर तिचा आजोबा. नानांना इंग्रजी नावं जमत नसल्यामुळे त्यांनी 'पोरगी', 'म्हातारा' आणि 'पाहुणे' एवढ्या तिघांवर भागवलं.

"शत्रूला पाहुणे म्हणता, नाना?"

"न बोलावता आले, घरातलं खात्यात, जायचं नाव घेत नायत. मग काय म्हणू?"

मी इंग्रजी वाचत नाही. गोष्ट ऐकायची तर नानांकडूनच. पण फुकट काही घ्यायचं नाही आणि जास्त काही द्यायचं नाही, या तत्त्वावर मी मोठा झालो. तेव्हा सौदा ठरला. दर रविवारी मखमलाबाद रोडला मिसळ खायची, एका मिसळीला एक प्रकरण. नाना म्हणाले, पापड पाहिजे. मी म्हणालो, पापड दिला तर म्हातारा-पोरगीची सुटका झाल्याशिवाय प्रकरण संपवायचं नाही. नाना म्हणाले, मग दही पण. तिथे मी उठून निघालो होतो. शेवटी पापड माझा, दही त्यांचं, यावर जमलं.

आणि काय सांगू, तो म्हातारा! डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, कमरेत वाकलेला, पण पाहुण्यांना पुरून उरणारा. पाहुणे गावात घराघरातून माणसं उचलत होते, तेव्हा म्हाताऱ्याने पोरगीला वाइनच्या पिंपात लपवलं आणि वर स्वतः बसून राहिला. मी विचारलं, तिकडे पिंप कुठून आलं? नाना म्हणाले, "वाइनरी काय फक्त दिंडोरीलाच हायेत का?" पटलं.

पुढे एकदा म्हाताऱ्याने पाहुण्यांच्या म्होरक्याशी सौदा केला. म्होरक्या म्हणाला, नदी आम्हाला द्या, आम्ही माणसं सोडतो. म्हाताऱ्याने आधी त्यांच्या यानात चढून, मालात कोपरापर्यंत हात घालून तळाचा माल तपासला आणि म्हणाला, वरचा माल दाखवून फसवता होय? हे ऐकताना माझा रस्सा गार झाला. मला वाटलं, अमेरिकेतही जातिवंत माणसं आहेत म्हणायची. त्या दिवशी मी नानांना दहीसुद्धा माझ्या हिशेबात चारलं.

मग आलं बोर्डोचं प्रकरण. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवला की बोर्डो होतं. द्राक्षबागेवर डाऊनी नावाचा रोग येऊ नये म्हणून ते फवारतात. म्हाताऱ्याने पाठीवर पंप घेतला, पुलावर उभं राहून बोर्डो मारलं, आणि पाहुणे निळे पडून पटापट गळाले.

"अमेरिकेत मोरचूद मिळतं?"

"सगळी औषधं तिकडूनच येत्यात, शेठ."

हेही पटलं. एवढं पटलं, की म्हाताऱ्याने फवारा कसा धरला असेल ते बघायला मी स्वतः नानांबरोबर गच्चीवर गेलो. नानांचा जुना पंप होताच. त्यांनी मोरचूद कालवलं, पंप पाठीला लावला, आणि "पाहुणा त्या अँटेनावर हाय असं समजा" म्हणून दांडा मारला. वारं उलटं होतं. खाली सेक्रेटरींची नवी पांढरी गाडी उभी होती, ती आकाशी झाली.

मीटिंग बसली. सेक्रेटरींनी मोबाइलवर गाडीचा फोटो पुढे धरला. "काका, हे काय आहे?"

"काय काळजी करू नका," नाना शांतपणे म्हणाले. "आता गाडीवर डाऊनी येणार नाय."

मी नानांच्या बाजूने भांडलो. राग आला की माझी भाषा देवळ्याच्या बोलीवर परत जाते. "हाई काय शे! म्हाताऱ्या माणसाशी असं बोलता का?" म्हणून टेबलावर हात आपटला आणि शेवटी गाडी माझ्या माणसांकडून धुऊन दिली. हे लक्षात ठेवा. मी त्या बोर्डोसाठी सोसायटीशी वैर घेतलं.

नाताळच्या सुट्टीत सई आली, आई-वडिलांबरोबर, एका लग्नासाठी. गोष्ट तेव्हा भलत्याच ठिकाणी अडली होती. म्हातारा पुलाच्या मधोमध उभा, दोन्ही टोकांनी पाहुणे, पंपातलं बोर्डो संपलेलं. नानांनी सौदा मोडून तिथेच प्रकरण तोडलं होतं आणि पुढचं विचारलं की आभाळाकडे बघत होते. मला झोप लागेना.

सई आमचा डबा परत द्यायला दारात आली. मी तिला धरलंच. "काय गं, तुझ्या पुस्तकातला म्हातारा पुलावरून सुटतो ना? एवढंच सांग, बाकी नको."

"कोणता म्हातारा, काका?"

"अगं, त्या पोरगीचा आजोबा."

"तो? तो तर थर्ड चॅप्टरमध्येच मरतो."

मी दाराची कडी धरली. "बोर्डो मारतो तो?"

"बोर्डो म्हणजे?"

"पोरगीला पिंपात लपवतो तो?"

"ती तळघरात लपते. एकटीच."

"म्होरक्याशी सौदा?"

"तीच करते. काका, सगळं तीच करते."

मी चप्पल न घालता समोरच्या घरात शिरलो. नाना सईसाठी द्राक्षं धूत होते. पुतण्याने बागेतला पहिला माल पाठवला होता.

"नाना! म्हातारा मेलाय म्हणे!"

नानांनी खिडकीबाहेर बघितलं. "हवामान..."

"हवामान गेलं चुलीत! मेलाय की नाही?"

"मेलाय," नाना म्हणाले. नळ बंद केला. "तिसऱ्या प्रकरणात. अर्ध्या पानात मारला हो, शेठ. घराबाहेर काय चमकलं म्हणून बघायला गेला, तेवढंच. पोरगी रडली, डोळे पुसले आन पळाली. बरोबर हाय, पळायलाच पायजे व्हतं. पण म्होरं एवढं जाड पुस्तक... तिला एकदा आठवण नाय. म्या दोनदा वाचलं. म्हटलं, एखाद्या ओळीत आसंल, आपल्याला इंग्रजी कमी येतं, नजरचूक झाली आसंल. नाय."

द्राक्षं चाळणीत निथळत होती.

"मग कलम भरलं," नाना म्हणाले. "रानटी खुंटावर आपल्या द्राक्षाची काडी बांधतो, तसं. खुंट त्यांचाच ठेवला, काडी आपली भरली. तुमचा हात तेवढा उसना घेतला, यानात घालायला. फसवलं नाय, शेठ. पोरगी एकटी पडली व्हती."

सई माझ्या मागोमाग येऊन दारात उभी होती. किती ऐकलं, कोणास ठाऊक. म्हणाली, "आजोबा, तिला वेळच नव्हता. एलियन्स मागे लागले होते तिच्या."

"त्येच म्हणतो मी, बाळा. वेळ नव्हता तिला. तिची काय चूक नाय." आणि त्यांनी द्राक्षांची चाळणी तिच्या हातात दिली.

सईने टेबलावरचं पुस्तक उचललं. वर्तमानपत्राच्या कव्हरवरून अंगठा फिरवला. मग मला विचारलं, अगदी हळू, "काका, पुलावर मग काय झालं?"

"मलाही तेच पाहिजे!" मी ओरडलो.

"हवामान बघून सांगतो," नाना म्हणाले, आणि चहा टाकायला आत गेले.

लग्न लागलं, सगळे बंगळुरूला गेले. रविवारी आम्ही मिसळ खातो, पण गोष्ट बंद आहे. नाना आता द्राक्षाच्या भावावर बोलतात.

तेव्हा आता मला जाब पाहिजे. आधी त्या लेखकाकडून, जो पुस्तकाच्या शेवटच्या पानावरच्या फोटोत दात काढून हसतोय. अर्ध्या पानात माणूस मारायचा, आणि पुढे नाव नाही? आमच्याकडे असा माल आला असता तर ट्रॉली तशीच परत गेली असती. पण तो लांब आहे, आणि त्याला माझी भाषा येणार नाही.

म्हणून सई, तुला विचारतो. नाना फोनवर हे तुला कधी विचारणार नाहीत. मी लिलावातला माणूस आहे, मला विचारायची लाज नाही. म्हातारा अजून पुलावर उभा आहे, दोन्ही टोकांनी पाहुणे, पंप रिकामा. उन्हाळ्याच्या सुट्टीत तू येणार आहेस का, आणि किती दिवस? बोल. आणि आभाळाकडे बघून सांगू नकोस.