पायथागोरसला टेप लागत नाही

मंडळी, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. अख्ख्या कळंब तालुक्यात काटकोन त्रिकोण माझ्याइतका कुणाला कळत नाही! एकोणीस वर्षं मी हायस्कूलला दहावीची भूमिती शिकवतोय. कर्णाचा वर्ग म्हणजे उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज, हे मी झोपेतही म्हणतो, असं आमची महेश्वरी सांगते. एकदा तर म्हणे पांघरुणाचा कर्ण काढून मी तिच्या वाटणीचा कोपरा ओढून घेतला होता. आता इतका ज्ञानी माणूस स्वतःच्या घराची आखणी दुसऱ्याच्या हातून करून घेईल का? तुम्हीच सांगा!

घराआधी ओट्याबद्दल सांगायला हवं, कारण आमच्याकडे आधी ओटा आला आणि मग घर. लग्नाला सतरा वर्षं झाली, ती सगळी भाड्याच्या खोल्यांत गेली. प्रत्येक खोलीत महेश्वरीनं लोखंडी टेबलावर शेगडी ठेवून स्वयंपाक केला. टेबल असं डुगडुगायचं की आमटी आपोआप ढवळली जायची! तीन वर्षांपूर्वी तिला एका दुकानात काळ्याभोर ग्रॅनाइटचा तयार ओटा दिसला. दोन फरश्या, एकमेकींना काटकोनात बसणाऱ्या, सिंकसाठी भोक पाडलेल्या. कुणीतरी मापानं कापून घेतला होता आणि नेलाच नव्हता. महेश्वरीनं तो तिथल्या तिथं घेतला. "अगं, ठेवणार कुठं? आपल्याला घर कुठंय?" मी विचारलं. "घर होईल की त्याच्याभोवती," ती म्हणाली. तीन वर्षं तो ओटा जळकोटला तिच्या वडिलांच्या घरी ज्वारीच्या पोत्यांमागं उभा होता. माहेरी गेली की आधी ती त्याच्यावरून हात फिरवून यायची आणि मग आईला भेटायची.

शेवटी प्लॉट झाला. पायाभरणीचा मुहूर्त निघाला रविवारी सकाळी दहा वाजून सतरा मिनिटांनी. माझे सासरे शंकरप्पा टेम्पोत ओटा घालून, स्वतः त्याच्यावर हात ठेवून पहाटेच जळकोटहून निघाले होते. सगळं वेळेवर आलं. फक्त बलभीम मिस्त्री आले नाहीत!

"सर, वाशीच्या अलीकडं गाडी पंक्चर झालीया," फोनवर मिस्त्री ओरडले. वाशी आमच्या शेजारचीच, मुंबईची नव्हे. "आकरा वाजतील. टेप, दोरी, गुण्या समदं माज्या पिशवीत हाय. तंवर कायबी करू नका!"

कायबी करू नका? मला? मी फोन खिशात घातला आणि जाहीर केलं, "आखणी मी करणार!"

"टेप?" महेश्वरीनं विचारलं.

"पायथागोरसला टेप लागत नाही."

"ह्यो कोण? नवा मिस्त्री हाय का?" आमच्या अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, इरम्मानं, नारळ बाजूला ठेवत विचारलं.

"अव्वा, तो ग्रीसचा. अडीच हजार वर्षांपूर्वीचा."

"तितली माती येगळी, हितली येगळी. मला न्हाय पटत."

मी काठी घेतली आणि मातीवर त्रिकोण काढला. मंडळी, हे सोपं आहे. एका दोरीचे सहा भाग घ्या, दुसरीचे आठ, तिसरीचे दहा. तिन्हींची टोकं जुळवून त्रिकोण करा. सहाच्या आणि आठच्या मधला कोन काटकोनच होणार, देव आला तरी बदलणार नाही. फूट घ्या, मीटर घ्या, काठी घ्या, गुणोत्तर महत्त्वाचं! "आपण हात घेऊ," मी म्हणालो. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. आमच्याकडं अजून दावं असो की दोरखंड, हातावरच मोजतात.

"पप्पा, एक शंका," शिवप्रिया म्हणाली. ही माझी मुलगी, यंदा दहावीला, माझ्याच वर्गात.

"शंका शेवटी!" मी म्हणालो. वर्गातली सवय!

खरी अडचण पुढंच होती. घराचं पहिलं माप घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातानं घ्यायचं, ही आमची रीत. अव्वानं लगेच पदर खोचला. तेवढ्यात सासऱ्यांनी खोकून घेतलं. जळकोटहून चार तास टेम्पोत बसून आलेला व्याही आहे, त्याच्या हातालाही काही मान आहे की नाही? अव्वानं त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी अव्वाकडं पाहिलं. मुहूर्ताला नऊ मिनिटं उरली होती. सतरा वर्षांत जे भांडण झालं नव्हतं ते आता होणार, असं मला स्वच्छ दिसायला लागलं.

आणि मंडळी, मला सुचलं! बाजू तीन, माणसं तीन! आठ हातांची दोरी अव्वानं मोजायची, सहाची मी, आणि सगळ्यात लांब, दहा हातांचा कर्ण, सासऱ्यांनी. मान गुणोत्तरात वाटला गेला!

"म्हंजी त्येंचे धा आन माजे आठच?" अव्वा फणकारली.

"अव्वा, तुझ्या दोरीवर भिंत उभी राहणार. कर्ण काय, नुसता तिरका असतो. आखणी झाली की काढून टाकायचा."

"अय्यो!" सासरे उठून उभे राहिले. "जावईबापू, माजी दोरी काडून टाकनार?"

"मामा, तसं नाही! तुमच्याशिवाय काटकोनच होत नाही! अख्खा सिद्धांत तुमच्या बाजूच्या नावानंच सुरू होतो!"

"हौदु?" म्हणजे खरंच का, असं विचारत ते विरघळले आणि बाही वर सारून दोरी मोजायला बसले. अव्वा एकीकडं, मी एकीकडं. अव्वाची मूर्ती बुटकी, बांगड्यांनी भरलेला हात तो केवढासा. सासरे म्हणजे दारातून वाकून येणारे. तिघं मोठमोठ्यानं हात मोजत होतो. शिवप्रियानं पुन्हा बोट वर केलं. "पप्पा, शंका…" "सांगितलं ना, शेवटी!"

दहा वाजून सोळा मिनिटांनी तीन खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या, चुन्याची फक्की टाकली. सतराव्या मिनिटाला अव्वानं कोपऱ्यात नारळ फोडला, कुंकू वाहिलं आणि पहिली कुदळ मारली. टाळ्या पडल्या! मला त्या क्षणी शाळेच्या भिंतीवर आपलाही फोटो असावा असं वाटलं.

"अहो, हा कोपरा जरा उघडा वाटतोय," महेश्वरी मान तिरकी करून म्हणाली.

"प्लॉटला उतार आहे ना, म्हणून तसं दिसतं."

गडी खणायला लागले. अकराला बलभीम मिस्त्री पोचले तेव्हा दोन्ही चर गुडघाभर झाले होते. त्यांनी गाडी लावली, लांबूनच एक डोळा मिटला आणि पिशवीतून गुण्या काढला. गुण्या म्हणजे गवंड्याचा लोखंडी काटकोन. तो कोपऱ्याला लावून ते म्हणाले, "सर, ह्यो तर लई फाकलाय!"

"शक्य नाही! सहाचा वर्ग छत्तीस, आठचा चौसष्ट. बेरीज किती?"

"शंभर."

"दहाचा वर्ग?"

"शंभरच की."

"मग?"

"बेरीज बराबर हाय, सर. कोपराच चुकलाय."

गडी हसले. मी चिडलो. "मिस्त्री, तुमचा गुण्या कुठंतरी पडून वाकला असेल! अडीच हजार वर्षांचा सिद्धांत वाकत नाही!"

मिस्त्रींनी गुण्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि तंबाखू मळायला घेतली. पण महेश्वरीच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता. ती वडिलांना म्हणाली, "अप्पा, ओटा उतरवा. इथं जमिनीवरच मांडून बघू."

चार गड्यांनी दोन्ही फरश्या आणल्या. पहिली अव्वाच्या चराच्या कडेला लावली. छान बसली. दुसरी तिच्या खाचेत बसवून काटकोनात ठेवली. ही माझ्या चराला लागायला हवी होती. कोपऱ्यात लागलीही! पण पुढं चर आपला एकीकडं निघाला आणि ओटा दुसरीकडं. सहा फुटांच्या फरशीच्या टोकाला सव्वा फुटाची फट पडली. शेजारचं शेळीचं करडू आलं, त्या फटीत शिरलं आणि निवांत बसलं.

महेश्वरी ओट्यापाशी खाली बसली. "तीन वर्षं झाली हो," एवढंच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी बघितलं आणि खरं सांगतो, माझा सगळा पायथागोरस गळून पडला. ग्रॅनाइट काही कणकेसारखं ओढून वाकवता येत नाही. एकोणीस वर्षं फळ्यावर मी हजारो त्रिकोण काढले असतील, पण त्यांतल्या एकाच्याही कोपऱ्यात कुणाला उभं राहून भाकऱ्या करायच्या नव्हत्या.

"पप्पा," शिवप्रिया म्हणाली, "आता शेवट झाला. शंका विचारू?"

"विचार," मी पुटपुटलो.

तिनं काही विचारलंच नाही. आजीचा हात धरला, आज्जाचा हात धरला, मला खूण केली आणि तिघांचे हात कोपरं टेकवून शेजारीशेजारी उभे केले. अव्वाचा हात माझ्या पहिल्या पेराशी संपत होता आणि सासऱ्यांचा माझ्या वर निघून गेला होता. मिस्त्रींनी टेप लावला. सोळा इंच, सतरा इंच, अठरा इंच!

"एकक सारखं नसेल तर गुणोत्तर कशाचं काढायचं, अशी शंका होती," ती म्हणाली.

गड्यांनाही कळलं, मंडळी! मी पाणी प्यायला टाकीकडं गेलो आणि तिथं जरा जास्तच वेळ थांबलो. परत आलो तर पोरगी नव्या दोऱ्या घेऊन एकटीच स्वतःच्या हातानं मोजत होती. सहा, आठ, दहा. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, मिस्त्रींनी गुण्या लावला आणि ओरडले, "चिकटला! ताई, तुमी सोमवारपास्नं कामावर या!" ओटा दोरीला असा लागला की करडाला उठावं लागलं. महेश्वरी हसली. तिथल्या तिथं तिनं मांडी घालून ओट्यावर खोटी भाकरी थापून दाखवली! माझा ऊर भरून आला, आणि पोरीला भूमितीत गेल्या चाचणीत दिलेले मार्क आठवून जरा लाजही वाटली.

"आता माझा चर बुजवा," मी म्हणालो.

"बुजवायचा न्हाय!" अव्वा कडाडली. "नारळ फुटलाय, कुंकू वाह्यलंय. पूजा झाल्याला पाया बुजवला तर घराला बरकत न्हाय!"

"हौदु," सासरे म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं, तेही माझ्याविरुद्ध.

तोडगा मिस्त्रींनी काढला. बाहेरची भिंत पूजेच्या चरावर, आहे तशी वाकडी. आत ओट्यासाठी दुसरी चार इंची भिंत, बरोबर काटकोनात. "मदी जी फट ऱ्हाईल तिचं काय करायचं ते तुमी बघा."

घर होऊन आता आठ महिने झाले. ओटा आणि भिंत यांच्यात पोस्टकार्डसुद्धा जात नाही. महेश्वरी तिथं उभी राहून गुणगुणत स्वयंपाक करते, आणि ती तशी उभी दिसली की मला अजून सणाचा दिवस असल्यासारखं वाटतं. आलेल्या प्रत्येकाला ती ओटा दाखवते आणि मग आतल्या भिंतीमागची फटही दाखवते. एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला, ओट्याच्याही पुढं, दीड फूट. "ही सरांची अभ्यासिका," ती सांगते. पेपर मी तिथंच तपासतो. आत अंग चोरून शिरावं लागतं आणि वळता येत नाही, म्हणून बाहेर निघताना पाठ आधी. काल ओट्याच्या वरच्या झरोक्यातून तिनं चहा दिला. कप आला, बशी काही येईना. मी म्हटलं, जरा तिरकी करून बघ, कर्णात बसेल.

"नको," ती म्हणाली. "पोरीला विचारून सांगते."