पाच मिनिटांत एक मैल

"पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं! म्हणाल तर पळून दाखवतो!"

राजेंद्र सासऱ्यांसमोर बोलून गेला आणि अस्मितानं कपाळाला हात लावला. चिखलोलीच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये समोरचा फ्लॅट रिकामा होता. तो आईबाबांनी घ्यावा म्हणून ती वर्षभर मागे लागली होती. पण तिचे बाबा, म्हणजे राजेंद्रचे सुदाममामा, अंबरनाथच्या कंपनीत जन्मभर माल तपासून रिटायर झालेले! जाहिरातीतल्या 'नवं स्टेशन फक्त पाच मिनिटांवर' या ओळीवरच त्यांनी बोट ठेवलं.

"हे खोटं निघालं तर बांधकामही तसलंच. पोचून दाखवा, लगेच फ्लॅट घेतो."

राजेंद्रनं जाहिरातीतल्या नकाशावर अंतर मोजलं. बरोब्बर एक मैल! मग मोबाईलवर शोधलं, तर मैलाचा जागतिक विक्रम पावणेचार मिनिटांच्याही आतला.

"बघ, माणसानंच केलंय! मला तर वर सव्वा मिनिट जास्तीचं आहे!"

"त्या माणसाला तुमच्याएवढं पोट होतं का?" अस्मिता म्हणाली.

रविवारी मामा पुढे जाऊन घड्याळ धरून उभे राहिले. जाताना नवी अट घालून गेले. "कामावर जाणारा माणूस रिकाम्या हातानं जात नाही. बॅग-डब्यासकट पळायचं!"

राजेंद्रच्या बॅगेची चेन नेमकी तुटलेली. मग डबा अस्मिताच्या गुलाबी पर्समध्ये गेला, पर्स राजेंद्रच्या काखेत, आणि स्वारी सुटली! मागून स्कूटीवर अस्मिता. "जोरात! अजून जोरात!"

कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या बनूबाईंनी हे पाहिलं. पुढे पर्स घेतलेला बाप्या, मागे ओरडणारी बाई!

"चोर! पर्स पळवली रं!"

"पकडो साले को!" म्हणत रिक्षावाला साईनाथ धावला, इस्त्रीवाला धावला, क्रिकेट खेळणारी पोरं बॅटींसकट धावली. राजेंद्रनं मागे वळून पाहिलं आणि पोट विसरून असा सुटला, की जागतिक विक्रमवाल्यानंही बाजूला होऊन वाट दिली असती!

मामांपाशी पोचून तो आडवाच झाला.

"अहो थांबा, हे माझे मिस्टर आहेत!" अस्मितानं बॅटी अडवल्या.

"पाचाला चार सेकंद कमी!" मामा ओरडले. "स्टेशन पाच मिनिटांवर, मानलं!"

पोरांनी टाळ्या पिटल्या. बनूबाई धापा टाकत म्हणाल्या, "पन ठेशन कुठं हाय?"

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. गुडघाभर गवत, एक म्हैस आणि 'नियोजित स्टेशन' असा बोर्ड.

"मी वेळेत आलोय," राजेंद्र पडल्या पडल्या म्हणाला. "स्टेशनच लेट आहे!"

अंबरनाथकर मामांना ते पहिल्यापासून ठाऊक होतं. ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "स्टेशन येईल तेव्हा येईल. लेकीसाठी एवढा पळणारा जावई कुठल्या स्टेशनाजवळ मिळतो? घेतला फ्लॅट!"

अस्मितानं भर रस्त्यात बाबांना मिठी मारली. राजेंद्रची छाती फुगली.

आता मामा समोरच राहतात. रोज सकाळी बेल वाजते.

"राजेंद्रराव, दूध संपलंय. पाच मिनिटांत आणताय ना?"

आणि डेअरी त्या बोर्डाच्याही पुढे आहे!