तिसऱ्यांदा विचारल्यावर

जुलैच्या मध्यावर हेल्गा गावात कडक उकाडा सुरू झाला आणि गावानं त्याची अधिकृत दखल घेतली नाही. रेडिओनं सोमवारी सकाळी सांगितलं, की आठवडाभर तापमान चढं राहील आणि तुरळक ठिकाणी गडगडाटासह पाऊस पडेल. तुरळक ठिकाणी म्हणजे शेजारच्या गावात, हे हेल्गातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. गावाच्या चारी अंगांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्याचा मका डोक्याच्या वर गेला होता आणि दिवसभर आपला घाम हवेत सोडत होता. माणसांच्या घामाला मग हवेत जागाच उरली नव्हती. तो अंगावरच मुक्काम करून होता.

त्याच दुपारी ऑरविल थॉर्सनच्या घरातला एसी दोनदा खाकरला आणि कायमचा गप्प झाला. ऑरविल जन्मभर बियाणं विकून निवृत्त झालेला, पंचाहत्तरी ओलांडलेला गृहस्थ. त्याच्या एकट्याचा प्रश्न असता तर तो बनियनवर बसून राहिला असता. पण त्याची बायको मार्वेला हिचं हृदय नाजूक होतं. डॉक्टरांनी वसंतातच बजावलं होतं, की बाईंना गारव्यात ठेवा. ते जमणार नसेल तर मला फोन करू नका, थेट पाद्रीबाबांना करा. दुरुस्तीवाल्यानं पुढच्या आठवड्याचा वायदा केला. गाडीतला एसी तर केव्हाच गेला होता. तो गेला तेव्हा ऑरविल म्हणाला होता, 'खिडक्या आहेत की.'

"शेजारी ड्वेनकडे जाऊन बसू या," मार्वेला म्हणाली.

"त्यानं बोलवायला नको?"

"मग कुंपणापाशी जाऊन उभा राहा. बोलावेल."

हेल्गात कुणी कुणाकडे काही मागत नाही. देणाऱ्यानं विचारायचं, घेणाऱ्यानं नको म्हणायचं. देणाऱ्यानं पुन्हा विचारायचं, घेणाऱ्यानं पुन्हा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र 'बरं, तू एवढं म्हणतोसच तर' असं म्हणून घ्यायचं. नॉर्वेहून आलेल्या पणजोबांनी ही पद्धत जहाजातून सोबत आणली आणि ती आजवर जिवापाड जपली गेली आहे. पहिल्या विचारण्यालाच हो म्हणणारा माणूस गावात एकदाच येऊन गेला. तो शिकागोचा होता आणि त्याची आठवण अजून हलक्या आवाजात काढतात.

ऑरविल कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. ड्वेन केटलसन गवताला पाणी घालत होता.

"काय ऑरविल, पुरेसं उकडतंय ना?"

"चालायचंच. याहून वाईट दिवस काढलेत."

"मार्वेला बरी आहे?"

"आहे आपली. एसी जरा रुसलाय, एवढंच."

ड्वेननं पाणी बंद केलं. प्रसंगाला शोभेल एवढं दुःख त्याच्या चेहऱ्यावर आलं. "अरे, मग या की आमच्याकडे."

"छे छे. तुम्हाला कशाला त्रास."

"त्रास कसला त्यात? खरंच या."

"नको रे. आम्ही ठीक आहोत."

ऑरविल थांबला. तिसऱ्या विचारण्याचं उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं. तेवढ्यात पाण्याच्या टाकीपलीकडे ढग गडगडला आणि ड्वेननं मान वर केली. ढग गडगडला की हेल्गातला प्रत्येक पुरुष गॅरेजचं दार वर सरकवतो, घडीची खुर्ची मांडतो आणि आभाळाकडे बघत बसतो. ड्वेनही धावत गेला. "दक्षिणेकडून निघून जाणार बघ," तो खुर्चीतून ओरडला. पाऊस दक्षिणेकडून निघून गेला. तिसरं विचारणं राहून गेलं ते राहूनच गेलं.

मंगळवारी दोघं गावातल्या एकुलत्या एका किराणा दुकानात गेली आणि गोठवलेल्या भाज्यांच्या कपाटासमोर उभी राहिली. तिथे आधीच अर्धं गाव मटाराची पाकिटं हातात घेऊन त्यावरचा मजकूर वाचत होतं. एकमेकांना मटाराबद्दल विचारत होतं. मार्वेलानं एक पाकीट गालाला लावलं, तेव्हा दुकानाची मॅनेजर जवळ आली आणि गोड आवाजात म्हणाली, "हवं ते सापडलं ना?" या प्रश्नाचा अर्थ हेल्गात सगळ्यांना कळतो. दोघं मटार घेऊन घरी आली.

बुधवारी ऑरविल नगर कार्यालयात गेला. गावाचे प्रशासक गेराल्ड ब्रँडवोल्ड हे अतिशय कार्यक्षम गृहस्थ होते. उष्णतेच्या लाटेसाठी त्यांनी चर्चच्या तळघरात गारवा-सुविधा निर्माण केली होती: नवा कोरा एसी, पाच डझन खुर्च्या आणि लिंबू सरबताचं यंत्र. तिचं उद्घाटन एका जानेवारीत झालं होतं आणि त्यानंतर ती उघडली नव्हती.

"ती कधी उघडते?" ऑरविलनं टोपी हातात धरून विचारलं.

"गरज निर्माण झाल्यावर," ब्रँडवोल्ड म्हणाले.

"गरज निर्माण झाली हे कसं कळतं?"

"कुणीतरी येऊन सांगतं."

"आजवर कुणी सांगितलंय?"

"एकानंही नाही. यावरून गावाची परिस्थिती किती समाधानकारक आहे, हे तुमच्या लक्षात येईल." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही स्वतःसाठी विचारताय का, थॉर्सन?"

ऑरविलच्या डोळ्यांसमोर घामानं चिंब झालेली, ओठ पांढरे पडलेली मार्वेला आली. तो म्हणाला, "छे. सहज. काही लोकांना उकडत असेल, असं कानावर आलं."

"काही लोक," ब्रँडवोल्ड विचारपूर्वक म्हणाले. "ठीक आहे. काही लोकांसाठी उद्या एक दिवस प्रायोगिक तत्त्वावर उघडू."

गुरुवारी सकाळी चर्चच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. ब्रँडवोल्डसाहेबांनी आतून दार उघडलं. ते स्वेटर घालून, हातात माणसं मोजायचं यंत्र घेऊन टेबलामागे बसले. आतला गारवा उंबरा ओलांडून लोकांच्या घोट्यांपर्यंत आला. कुणीही हललं नाही.

"आधी तुम्ही जा," पहिल्या पायरीवरच्या आर्डिस लुंडबाई म्हणाल्या. त्या शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि ड्वेनच्या पलीकडच्या घरात राहत होत्या.

"नाही नाही, आधी तुम्ही. तुम्हाला जास्त गरज असेल," ड्वेन म्हणाला.

"मला? मी तर फुलझाडांना पाणी घालायला आले होते."

"मीही पायऱ्या तपासायला आलो होतो. एक जरा हलते म्हणतात."

सगळ्यांचंच काही ना काही काम निघालं. उकाड्यासाठी असा कुणी आलाच नव्हता. जो तो दुसऱ्यासाठी बाजूला सरकत होता आणि सरकता सरकता सगळा जमाव दारापासून दोन पायऱ्या खाली गेला.

"ऑरविल, आपण जाऊ या," मार्वेला कुजबुजली.

"सगळ्यांच्या पुढे?"

"सगळे मागे सरकलेत."

"म्हणूनच तर."

ऊन चढलं तशी मार्वेला एकाएकी पायरीवर बसली आणि तिथेच कलंडली. गावाच्या चांगुलपणाला भरती आली. कुणी छत्री धरली, कुणी टोपीनं वारा घातला, कुणी ओला रुमाल कपाळावर ठेवला. ड्वेनची बायको बर्निस म्हणाली, "मी उद्याच तिच्यासाठी चीज घालून शेवया भाजते."

"आत न्यायचं का हिला?" मागून एकानं विचारलं.

"आपण कसं ठरवणार? तिनं म्हणायला हवं," आर्डिसबाई म्हणाल्या आणि वाकल्या. "मार्वेला, आत जायचंय का तुला?"

मार्वेलानं डोळे किलकिले केले. शुद्ध अर्धीच होती, पण जन्माची सवय पूर्ण होती. "नको," ती म्हणाली, "तुम्हाला कशाला त्रास."

तिचं डोकं ऑरविलच्या मांडीवर होतं आणि दार चार पावलांवर होतं. त्याला स्वतःची इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती. तरीही तो उठला नाही, कारण मध्ये उभ्या असलेल्या माणसांना बाजूला व्हायला सांगावं लागलं असतं. संध्याकाळी ब्रँडवोल्ड बाहेर आले, त्यांनी दाराला कुलूप लावलं आणि जमलेल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. लाभार्थी शून्य. सबब हेल्गा गावात उकाडा नाही. सबब सुविधा कायमची बंद करण्यात येत आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गावाचा खर्च वाचला होता.

शुक्रवारी दुपारी मार्वेलाचा श्वास वरवर चालू लागला. ऑरविल कपडा भिजवायला बाहेरच्या नळाशी आला, तर कुंपणाशी ड्वेन.

"कशी आहे आता?" ड्वेननं मान हलवली. "मी तर म्हटलंच होतं, आमच्याकडे या."

यावर 'तू म्हणालास हेच पुष्कळ' असं म्हणायचं असतं. ऑरविलनं तोंड उघडलं, आणि त्यातून भलतंच बाहेर आलं.

"येतो. आत्ता येतो."

ड्वेनच्या हातातली नळी पायावर पडली. "आत्ता?"

"तिला घेऊन येतो. दार उघडं ठेव."

मार्वेलाला घेऊन केटलसनांच्या घरात पाऊल टाकलं आणि ऑरविलला भट्टीत शिरल्यासारखं झालं. खिडक्या घट्ट बंद, पडदे ओढलेले. बर्निस बादलीत पाय सोडून बसली होती. स्वयंपाकघरातला ओव्हन रसरसत होता.

"तुमच्याच शेवया आहेत," ती क्षीण आवाजात म्हणाली. "तासभर लागेल अजून."

"ड्वेन, तुझा एसी?"

"रविवारी गेला."

"म्हणजे माझ्याआधी? मग मला बोलावलंस कशाला?"

"तू नाही म्हणणार म्हणून," ड्वेन दुखावल्या स्वरात म्हणाला. "दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हणालास. झालं माझं कर्तव्य. तिसऱ्यांदा विचारायची वेळ आली आणि ढग गडगडला, म्हणून अब्रू वाचली. आणि आज तू सरळ हो म्हणतोस? इतकी वर्षं शेजारी राहून?"

"आर्डिसबाईंकडे तरी चालू आहे का?"

"त्यांचा तर महिनाभर बंद आहे," बर्निस म्हणाली. "सोमवारी त्यांनी आम्हालाच बोलावलं होतं."

"मग?"

"मग काय. नको म्हटलं."

तेवढ्यात बाहेर उजेड हिरवट झाला आणि वादळाचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की चर्चचं तळघर उघडावंच लागतं, आणि भोंगा वाजला की हेल्गातली माणसं तळघराकडे अजिबात जात नाहीत. गल्लीभर गॅरेजची दारं वर सरकली. ड्वेननं खुर्ची उचलली. ऑरविलनं मार्वेलाला उचललं. तिला अर्धी खांद्यावर, अर्धी कुशीत घेऊन तो भर रस्त्यातून चालत सुटला, आणि दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांमधून माना वळल्या.

"कुठे रे, ऑरविल?"

"तळघरात."

"अरे, उत्तरेकडून निघून जाणार ते."

चर्चच्या पायऱ्या मोकळ्या होत्या. आत साठ खुर्च्या, गारवा आणि एकटे ब्रँडवोल्ड होते. ऑरविलनं बायकोला तीन खुर्च्या जोडून त्यावर निजवलं. हळूहळू तिच्या ओठांना रंग आला. ते पाहून इतक्या दिवसांनी ऑरविल रडला, आणि कुणी बघतंय का, हे त्यानं पाहिलं नाही.

वादळ उत्तरेकडून निघून गेलं. भोंगा थांबला. ब्रँडवोल्ड किल्ल्या वाजवत आले.

"धोका टळला. त्यामुळे ही जागा आता वादळ-निवारा नाही. गारवा-सुविधा काल बंद झाली. म्हणजे नियमानुसार तुम्ही आत्ता कुठेच नाही आहात." पण तेही हेल्गाचेच होते. दिव्याच्या बटणावर हात ठेवून ते सवयीनं म्हणाले, "अर्थात, आणखी थोडं टेकायचं असेल तर..."

"हो," मार्वेला म्हणाली.

ब्रँडवोल्ड चपापले. "म्हणजे, सरबत वगैरे काही..."

"हो. दोन. आणि एक उशी."

हो म्हणणाऱ्या माणसाचं काय करायचं, याची तरतूद हेल्गाच्या नियमांत नव्हती. ब्रँडवोल्डसाहेब उशी आणायला गेले.

एसी दुरुस्त होईपर्यंत ती दोघं तिथेच राहिली. दार उघडं होतं, पण आत कुणीही आलं नाही. उन्हानं थॉर्सनांच्या डोक्यावर परिणाम झाला, असं गाव हळहळून म्हणत राहिलं. आर्डिसबाई एकदा पायऱ्यांपर्यंत आल्या आणि "काही हवंय का?" असं त्यांनी विचारलं. मार्वेला आतून म्हणाली, "हवंय. तू आत ये." त्या फुलझाडांना पाणी घालून परत गेल्या.

वाचकहो, तुम्हाला हेल्गाच्या लोकांचं हसू आलं असेल. खुशाल हसा. मी याच गल्लीत राहतो, थॉर्सनांच्या समोर. आमचा एसी उत्तम चालतो. तो त्या आठवड्यातही उत्तम चालत होता. तुम्ही एकदा आमच्याकडे या ना, निवांत राहायला. खरंच या. दोनदा म्हटलंय मी. यावर काय म्हणायचं, ते तुम्हाला शिकवायला नको. तुमच्याही दारातून कितीतरी जण तेच म्हणून परत गेले आहेत.