कान तुटका कप

देवरावने हॉटेल काढायचे ठरवले तेव्हा पहिली अडचण ही आली, की हॉटेल आतून कसे असते हे त्याला ठाऊकच नव्हते.

नेरच्या सडकेवर, मोटार थांबते त्या फाट्यावर, रामलालचे हॉटेल होते. देवरावच्या बापाने, उकंडाने, तिथे उभी हयात चहा प्यायला होता. पण मागच्या अंगाने, खरकट्या पाण्याच्या डबक्याशी उकिडवे बसून. तिथे बाभळीच्या खुंट्यावर एक कान तुटका कप पालथा घातलेला असे. तो उचलायचा, विसळायचा, मागच्या खिडकीशी धरायचा. आतून रामलाल वरूनच धार सोडायचा. प्यायचे, पुन्हा विसळायचा, पुन्हा पालथा घालायचा. छप्पन साल आले, उकंडाने घरातले देव गाठोड्यात बांधून नाल्यात सोडले, बौद्ध झाला. दिल्लीत त्याआधीच शिवाशिवीविरुद्ध कायदा झाला होता. देव वाहून गेले, कायदा छापून आला, पण कप काही त्या खुंट्यावरून हलला नाही.

म्हणून देवरावला हॉटेल काढायचे होते. श्रीमंत व्हायला नव्हे. बाप खुर्चीवर बसेल, समोर टेबल असेल, आणि धड कान असलेल्या कपात चहा पिईल, एवढ्याचसाठी. हे त्याने बायकोला, सत्यशीलेला, लग्नाच्या वर्षीच सांगून टाकले होते.

त्याने कुडाच्या भिंती उभ्या केल्या आणि मागच्या भिंतीत एक खिडकी सोडली. तांड्यावरचा फुलसिंग दूध घालायचे ठरवायला आला होता. त्याने खिडकीतून डोके बाहेर काढून पाहिले. बाहेर काहीच नव्हते.

"देवराव भाऊ, हे खिडकी कायले रे?"

देवराव सांगायला गेला, तेव्हा कुठे त्याला उमगले. हॉटेल म्हटले की मागे खिडकी असायचीच, असे त्याचे हात धरून चालले होते. त्याने त्याच दिवशी चिखल कालवला आणि खिडकी बुजवली. फुलसिंग पोट धरून हसला. देवरावला मात्र हसता आले नाही.

मग लायसनची वारी सुरू झाली. कचेरीतला कारकून म्हणाला, जागेचा दाखला आणा. जागेचा दाखला देणारा म्हणाला, आधी चालचलणुकीचा आणा. तो देणाऱ्याने देवरावला ओट्याखाली उभे करून विचारले, की तुझ्या हातचा चहा पिणार कोण? देवराव म्हणाला, ज्याला तहान लागेल तो. दाखला एक महिना लांबला. पाण्याचा दाखला लागला. मग जाळीचे कपाट लागले, भिंतीला चुना लागला, थुंकायला पिकदाणी लागली. पिकदाणी मांडली त्या दिवशी फुलसिंगने तिला हॉटेलातले सगळ्यांत भारी भांडे म्हणून नमस्कार केला.

शेवटी कारकून म्हणाला, आता साहेब पाहणीला येतील; पण पाहणी चालू हॉटेलाची होते, बंद हॉटेलाची स्वच्छता कशी पाहणार? आणि लायसनशिवाय हॉटेल चालू करणे हा गुन्हा आहे. देवरावने विचारले, मग करायचे काय? कारकून म्हणाला, ते तुम्ही ठरवा. आमच्या राज्यात गरिबाला धंद्याची मोकळीक असते ती अशी: दार उघडे, उंबरठ्यावर फास.

देवरावने भट्टी पेटवली.

पहिला कप बापाला. सत्यशीलेने खुर्ची पुसली, नवा कप धुतला, त्याचा कान उजव्या हाताला येईल असा ठेवला. उकंडा आला. दारापर्यंत आला, आत डोकावला, कौतुकाने मान हलवली आणि तसाच कुडाला वळसा घालून मागे गेला. देवराव धावत मागे गेला. तिथे बापाने बाभळीचा एक खुंटा रोवला होता आणि त्यावर तोच, तो तुटका कप पालथा घातला होता.

"हा कुठून आणला, बाबा?"

"रामलालकडून. माह्याच होता नं. माह्याशिवाय कोन पेते त्याच्यात? तो बी काही बोलला नाही. ने म्हणे."

"अरे पण हॉटेल आपलं हाय! आत चाल."

"आपलंच हाय म्हनून तर. मी आत बसलो तं गिऱ्हाईक येईन का? तुह्या धंद्यावर कायले पाय देऊ?" म्हातारा शांतपणे खाली बसला. "मले इथंच बरं वाटते, देवा. इथून मले सारं समजते. खिडकी काहून नाही ठेवली रे?"

देवराव भांडला, रडकुंडीला आला. सत्यशीलेने सासऱ्याच्या पायाला हात लावून विनवले. म्हातारा हलला नाही. शेवटी देवराव रोज वळसा घालून मागे जाई आणि बापाला त्या कपात चहा देई. पण धार वरून सोडत नसे. बसून, दोन्ही हातांनी ओते. तेवढेच त्याच्या हाती होते.

गिऱ्हाईक येऊ लागले. मोटारवाले, तांड्यावरचे, बौद्धवाड्यातले, आणि अंधारात एखादा पाटलाच्या घरचासुद्धा. मग एका भर दुपारी साहेब आले.

साहेबांनी आधी रामलालचे हॉटेल पाहिले. तिथे मागच्या बाजूला एक रिकामा खुंटा होता. रिकाम्या खुंट्यावर कोणता कायदा लागू होणार? रामलालचे हॉटेल निर्मळ ठरले. तिथून साहेब देवरावकडे आले. आत आले नाहीत. उंबरठ्याबाहेरूनच त्यांनी चुना पाहिला, जाळी पाहिली, पिकदाणी पाहिली आणि समाधान पावले. देवरावने चहा पुढे केला. आपण बाहेरचे घेत नाही, असे म्हणून ते पाण्याची जागा पाहायला मागे वळले.

"हा वेगळा कप कोणाचा?"

"माह्या बापाचा, साहेब."

"मग बाहेर का?"

"तो बाहेरच बसते."

साहेबांनी म्हाताऱ्याला जात विचारली. उकंडाने सवयीने आधीची सांगितली, मग जीभ चावून आताचा धर्म सांगितला. साहेबांनी पेन काढले. अस्पृश्यांसाठी वेगळे भांडे ठेवणे हा गुन्हा. अशा हॉटेलला लायसन मिळत नाही.

"साहेब, मी बी तोच हाय. तो बाप, मी लेक."

"मालक कोण ते कायदा पाहत नाही. अहो, हा कायदा तुमच्यासाठीच केलेला आहे."

फुलसिंग दुधाचा गंज घेऊन उभा होता. तो म्हणाला, "हो जी, दिसून राह्यलं नं. कायदा पह्यल्यांदा चालला आन ह्यायच्यावरच चालला."

साहेब अगदीच दगड नव्हते. म्हातारा आपल्यासमोर आत बसून, इतरांसारख्या कपात चहा प्यायला, तर शेरा मारणार नाही, असे म्हणाले.

देवरावने बापापुढे हात जोडले. लायसन जाते, बाबा. फक्त एक डाव.

उकंडा उठला. त्याने दाराशी वहाणा काढल्या, त्या साहेबांसमोर ठेवायला धजला नाही, काखेत मारल्या आणि आत गेला. खुर्चीशेजारी जमिनीवर बसला. साहेब दारातून म्हणाले, वर. तो खुर्चीच्या टोकावर बसला, पाखरू तारेवर बसते तसा. कपाचा कान कसा धरायचा ते त्याला कळेना. त्याने दोन्ही तळव्यांत कप घेतला, चटका सोसला आणि एका दमात पिऊन टाकला. साहेबांनी पेनाला टोपण घातले.

आणि कोणी काही म्हणायच्या आत उकंडा उठला. पंच्याने त्याने खुर्ची पुसली. कप घेऊन झपझप मागे गेला, विसळला, आणि दुसरा एक खुंटा पाहून त्यावर पालथा घातला.

आता मागे दोन कप झाले.

साहेबांनी टोपण काढले. जे लिहायचे ते लिहिले आणि भट्टी विझवायला सांगितले. देवरावने बापाकडे पाहिले नाही. भट्टीत पाणी ओतले तेव्हा उठलेल्या वाफेत त्याचे तोंड दिसेनासे झाले, ते बरेच झाले.

मोटारीला वेळ होता. ऊन म्हणजे नुसते पेटले होते, आणि सावली होती ती एवढीच, मागच्या बाभळीची. साहेब तिथे आले. धोंडा झाडून त्यावर बसले. पिशवीतून आपला फिरकीचा तांब्या काढला, आपले फुलपात्र काढले, पाणी प्यायले. मग फुलपात्र स्वतःच विसळले आणि सुकायला शेजारच्या कुंपणाच्या खुंट्यावर पालथे घातले.

उकंडा लांबून पाहत होता. भरल्या गावात एकटाच बाहेर बसलेला माणूस, आपलेच भांडे, आपणच धुणे. त्याला फार वाईट वाटले. तो थोडा जवळ सरकला आणि हलक्या आवाजात, माणसाला लाजवू नये म्हणून, त्याने विचारले, "साहेब, तुमाले बी आत घेत नाहीत का जी?"

साहेबांनी फुलपात्र उचलले. ते अजून ओलेच होते. तसेच पिशवीत टाकून ते उन्हात, सडकेच्या कडेला जाऊन उभे राहिले.

संध्याकाळी फाटा रिकामा झाला. बाकडी उलटी टाकली होती. सत्यशीला कपबशा टोपलीत भरत होती, देवराव भिंतीला टेकून बसला होता. उकंडा दारात आला.

"बंदच झालं नं?"

"झालं."

"म्हंजे आता हे हॉटेल नाही."

"नाही."

म्हातारा उंबरठा ओलांडून आत आला, खुर्ची ओढली आणि मागे टेकून, पाय पसरून बसला. "हॉटेल नाही तं मंग कायचं भेव," तो म्हणाला. "सत्यशीला, माय, घोटभर चहा हाय का वं?"

तळाशी उरला होता. थंडच होता. तिने तो नव्या कपात ओतला. उकंडाने कान चाचपला, त्यात बोट घातले, आणि सावकाश, वाऱ्याशी गप्पा मारत असल्यासारखा प्यायला. संपल्यावर कप टेबलावर ठेवला. धुतला नाही.

देवरावनेही तो उचलला नाही. अंधार पडेपर्यंत दोघे बापलेक त्या उष्ट्या कपाकडे पाहत बसले.