रिकाम्या रस्त्याचे गुण

‘सदर प्रदेश सायकलिंगसाठी उत्तम का आहे, ते त्वरित कळवावे,’ असा आदेश आला, तेव्हा पर्यटन अधिकाऱ्यांनी आधी सदर प्रदेश म्हणजे कुठला याची चौकशी केली. तो आपलाच निघाला. उत्तम आहे की नाही हा प्रश्न वरच सुटलेला होता. खाली फक्त ‘उत्तम सायकलिंग प्रदेश’ या दर्जासाठी कारणं शोधायची होती. अशा कामात त्यांचा हातखंडा होता. स्वतः ते सायकलवर शेवटचे बसले, तेव्हा त्यांना कंबर होती.

सरकारी जीपने ते पाहणीला निघाले. इथे पाहण्यासारखं काही नाही, अशी त्यांची नोकरीभराची तक्रार. पण निकष हातात घेऊन पाहिलं आणि डोळे उघडले. वाहनांची वर्दळ नसावी: कारखाना बंद पडल्यापासून नव्हतीच. हवा शुद्ध असावी: त्याच कारणाने होती. दुतर्फा सावली हवी: रुंदीकरणाचा निधी मधल्या मध्ये जिरल्यामुळे झाडं वाचली होती. स्थानिक लोक अगत्यशील असावेत: कामधंदा नसलेली माणसं दारादारांत उभी होती आणि प्रत्येक गाडीला हात करत होती. ती लिफ्ट मागत होती, हा तपशील अधिकाऱ्यांनी जागेअभावी गाळला.

“इतकी वर्षं आपण काहीच केलं नाही,” ते भारावून चालकाला म्हणाले, “त्याचं शेवटी चीज झालं बघ!”

घरी वेगळाच आनंद होता. मुलीला डोंगरापलीकडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि बंद पडलेली सकाळची बस पुन्हा सुरू होणार होती. त्या बससाठी अधिकाऱ्यांनीच चपला झिजवल्या होत्या. उभ्या हयातीत केलेलं ते त्यांचं एकमेव काम.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी बोलावलं.

“अहवाल झकास आहे. पण ही बस कुणाची?”

“लोकांची, साहेब.”

“रिकाम्या रस्त्यावर बस? मग तो रिकामा कसा? दर्जा हुकला तर जबाबदार कोण?”

माझी मुलगी त्या बसने जाणार आहे, असं अधिकाऱ्यांना म्हणायचं होतं. पण तोंडातून “खरं आहे, साहेब” हेच बाहेर पडलं. डोक्याची वाट बघायची सवय त्यांच्या जिभेला राहिलीच नव्हती. बस रद्द करण्याच्या शिफारशीवर त्यांनीच सही केली. सही नेहमीपेक्षा छान आली.

“बाबा, आता मी जायचं कसं?”

“अगं, सायकलने! उत्तम प्रदेश आहे आपला.”

“सगळा चढ आहे.”

“चढालाच तर जास्त गुण आहेत.”

“जीपने सोडा की तिला,” बायको म्हणाली.

“सरकारी जीपमध्ये घरची माणसं? लोक काय म्हणतील!” तत्त्व म्हणजे तत्त्व. अधिकाऱ्यांकडे ते एकच होतं, म्हणून ते जपून वापरत.

तपासणी समिती आली त्या सकाळी मुलगी चढावर होती, घामाघूम, पाठीवर दप्तर. समितीने गाडीच्या काचेतून टाळ्या वाजवल्या आणि ‘स्थानिकांचा उत्स्फूर्त सहभाग’ या सदरात पूर्ण गुण दिले. दर्जा मिळाला. अधिकाऱ्यांचा सत्कार झाला. हार गळ्यात पडताना त्यांना गुदमरल्यासारखं झालं, पण त्यांनी ते हाराच्या वजनावर ढकललं.

आता शहरातून गाड्या येऊ लागल्या, टपावर सायकली बांधून. गाड्या थेट माथ्यावर जात, तिथे सायकली उतरत आणि सायकलपटू उताराने निसर्गाशी एकरूप होत.

एका संध्याकाळी मुलगी जेवताना म्हणाली, “आज माझ्याजवळ एक गाडी थांबली.”

“बघ! म्हटलं नव्हतं, माणसं चांगली असतात. सोडलं ना वरपर्यंत?”

“नाही. म्हणाले, बाळ, जरा बाजूला हो. फोटोत रस्ता रिकामा यायला हवा.”

“मग?”

“झाले बाजूला. आणि बाबा, उद्यापासून मी जाणार नाही. पाय उचलत नाहीत माझे.”

अधिकाऱ्यांनी काहीतरी बोलायला हवं होतं. पण समोर साहेब नसल्यामुळे काय बोलावं ते सुचेना.

तो फोटो आपणही पाहिला असेलच. दुतर्फा झाडं, कोवळं ऊन, आणि माणूस औषधालाही नाही. खाली आपण लिहिलंही असेल, ‘एकदा जायलाच हवं.’

जरूर या. रस्ता आता कायमचा रिकामा आहे. मुलगी घरीच असते.