जहाजाले पंक्चर नसते

शामरावजी पौनीकर दिवसभर मोटारी दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी पायी घरी जायचे. लग्नाला पायी, मयतीला पायी, इतवारीच्या बाजारातून पोतं आणायचं झालं तरी पायी. गिऱ्हाइकानं फार आग्रह केला, की 'बसा ना, सोडून देतो', की ते त्या गाडीकडे अशा नजरेनं बघत, जसं एखाद्या डॉक्टरनं आपल्याच पेशंटचं स्थळ मुलीसाठी आल्यावर बघावं.

"मी तिले आतून पाहिलं आहे," म्हणत. "चाक म्हणजे दगा गा. आज नाही तं उद्या, पण देते म्हणजे देतेच."

नागपुरात गोळीबार चौकाजवळ त्यांचं गॅरेज होतं. आत भिंतीवर एक कॅलेंडर. वर्ष केव्हाच उलटून गेलेलं, तारखांची पानं फाडून चुलीत गेलेली, पण वरचं चित्र जागच्या जागी. पांढरंशुभ्र जहाज, खाली निळं पाणी. ग्रीसच्या बोटांनी त्या भिंतीवरची प्रत्येक गोष्ट काळी केली होती. जहाजाला मात्र एक डाग नव्हता.

जहाज हे शामरावजींचं दैवत. मुंबईहून गोव्याला आगबोट जाते, एवढ्या एका बातमीवर त्यांनी अर्धं आयुष्य काढलं. "जहाजाले पंक्चर नसते. जहाज मधात बंद पडत नाही. मुंबईले बसलं का गोव्याले उतरलं." हे वाक्य त्यांनी पंक्चर काढायला आलेल्या माणसालाही ऐकवलं होतं, आणि वर त्याच्याकडून पंक्चरचे पैसेही घेतले होते. स्वतः त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. बोटीचा अनुभव म्हणाल, तर अंबाझरीच्या तलावावर एकदा बसले होते, तीही बोट काठाला बांधलेली होती.

त्या वेळी मी मोहल्ल्याच्या युवक समितीची पत्रकं लिहीत असे. नळाला पाणी नाही, पत्रक. रेशनच्या दुकानात गव्हात खडे, पत्रक. चिकटवायला सगळ्यात चांगली जागा शामरावजींच्या गॅरेजचं लाकडी दार, कारण तिथं सगळ्यांच्याच गाड्या येऊन थांबायच्या. त्यांनी कधी अडवलं नाही. फक्त माझं नाव बदललं. "का गा पाम्प्लेट, आज कोणाचा निषेध?" शेवटी मोहल्ला मला त्याच नावानं ओळखू लागला.

पण स्पष्टच लिहितो. मला हा माणूस हुकूमशहा वाटे. घरात भाजी कोणती, हे तेच ठरवणार. पोरांनी कोणता सिनेमा बघायचा, तेही. आणि चूक कबूल करणं हा प्रकार त्यांच्या यंत्रात बसवलेलाच नव्हता. याचा पुरावा म्हणजे बेबीचं लग्न.

बेबी ही त्यांची एकुलती मुलगी. तिला अमरावती रोडवर, तिवशाच्या अलीकडच्या एका गावात दिली. शेतीवाडीचं घर, रस्त्याला लागूनच. लग्नाच्या दिवशी वरातीची बस कोंढाळीजवळ बंद पडली आणि व्याही दादारावजी नवरदेवाला ट्रकमध्ये घालून, घामाघूम होऊन मांडवात पोचले. आता अशा वेळी माणूस व्याह्याला हार घालतो, पाणी देतो. शामरावजींनी आधी विचारलं, बस बंद पडताना आवाज कसा आला. दादारावजींनी बिचाऱ्यांनी आवाज काढून दाखवला. त्यावर हे भर मांडवात म्हणाले,

"फॅनबेल्ट तुटला. एवढंही नाही समजलं? इवाई, तुम्हाले गाडी सांभाळता येत नाही, तं सून काय सांभाळसान?"

मांडव हसला. इवाई, म्हणजे व्याही, हसले नाहीत. लग्न पार पडलं, आमच्याकडे लग्नं रागातही पार पडतात. पण दादारावजी सुनेला घेऊन गेले ते गेलेच. दिवाळीला धाडली नाही, राखीला धाडली नाही, पहिल्या बाळंतपणालाही धाडली नाही. आणि आपल्या घरी या, असं बोलावणंही नाही. मुलीच्या सासरी बोलावल्याशिवाय पाय टाकायचा नाही, ही आपली रीत. असल्या रीतींवर मी दोन पत्रकं काढली होती. रीतीला काही झालं नाही.

मी एकदा संतापून म्हणालो, एक माफी मागून टाका, विषय संपेल. ते जॅकच्या दांड्यावर जोर देत म्हणाले, "पण बेल्टच होता गा."

नात झाल्याची खबर त्यांना एका टेम्पोवाल्याकडून कळली. अमरावती रोडचे ड्रायव्हर आले की शामरावजी काम जरा हळू करत आणि प्रश्न जास्त विचारत, एवढं माझ्या लक्षात आलं होतं. मी ते त्यांच्या धंद्याच्या हुशारीत जमा केलं होतं. यमुनाबाई, त्यांची बायको, त्या वेळी गॅरेजमागच्या दारात येऊन उभ्या राहत. आत येत नसत, परत जात नसत.

त्या उन्हाळ्यात शामरावजींनी जाहीर केलं की यंदा सारं घर सुट्टीला जाणार. जहाजानं, हे सांगायची गरजच नव्हती. यमुनाबाईंनी प्रवासाच्या कुरोड्या तळून डब्यात भरल्या. वसंता आणि दिलीप या दोन मुलांनी गोव्याच्या गोष्टी सांगून मोहल्ल्याला वात आणला. मी मात्र तत्त्वाचा प्रश्न काढला. सुट्टी साऱ्या घराची, मग निर्णय एकट्याचा का? घरातल्या बाईला कोणी विचारलं? मतदान घ्या, म्हणालो. शामरावजींनी चिंधीला हात पुसले. "घेऊन टाक तुही लोकशाही."

निकाल ठरलेलाच होता, पण मी लोकशाहीच्या बाबतीत हयगय करत नाही. जहाजाच्या बाजूनं पत्रक छापून घेतलं. 'चूल फुंकणाऱ्या मातेला समुद्राचं वारं मिळालंच पाहिजे', अशी सुरुवात होती. संध्याकाळी गॅरेजमध्ये सभा. टायरांवर यमुनाबाई आणि मुलं, अध्यक्षस्थानी मी, मागे जहाजाचं कॅलेंडर. आणि शामरावजी उठून रस्त्याच्या बाजूनं बोलायला लागले.

खिचडीनं जायचं, म्हणाले. खिचडी ही त्यांनी भंगारातून जमवलेली गाडी. अंगानं एक, इंजिनानं दुसरी, दारांनी तिसरी. नाव मोहल्ल्यानं ठेवलेलं. ती तयार होऊन मागं उभी होती, पण तिच्यात अजून ते स्वतःही बसले नव्हते. तिनं नाशिकपर्यंत जायचं, देवदर्शन करायचं. जहाजात काय, नुसतं पाणीच पाणी. हे त्या माणसाच्या तोंडून ऐकताना माझ्या हातातली पत्रकं मला जड झाली.

"कोंढाळीले चहा," ते मुक्काम सांगू लागले. "तळेगावले जेवण. मंग तिवशाच्या अलीकडं गाडी तापते. तिथं रेडिएटरले पाणी द्या लागते."

"तिथंच काहून तापन?" वसंतानं विचारलं.

"मी बनवली आहे ना गाडी. मले माहीत आहे कुठं तापते ते."

यमुनाबाईंचा हात वर गेला. रस्त्यासाठी. मी ताडकन उठलो. काकू, तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का, असं भर सभेत विचारलं. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू बस खाली गा." आईचा हात पाहून पोरांचे हात वर गेले. जहाजाची अनामत जप्त.

रात्री न जेवता मी नवं पत्रक लिहिलं, 'जहाजवाद्यांचा घोर विश्वासघात', आणि पहाटे त्यांच्याच दारावर चिकटवलं. शामरावजींनी ते उभ्यानं पूर्ण वाचलं. "चांगलं लिहिलं," म्हणाले. "आता तूही चाल आमच्यासंगं. गाडी धकवाले एक कार्यकर्ता लागते."

मी गेलो. तेवढ्यासाठीच गेलो, की ही गाडी वाटेत फसेल तेव्हा साक्षीदार असावा. आणि खिचडी फसेचना. कोंढाळी झाली, घाट झाला, तळेगाव झालं, धक्का मारायची पाळी एकदाही आली नाही. शामरावजी बैलगाडीच्या बेतानं चालवत होते, कान इंजिनाकडे. तळेगावनंतर त्यांनी गाडी आणखी हळू केली. यमुनाबाई पदर नीट करत होत्या, सुटला नसतानाही.

मग रस्त्याकडेच्या एका घरापुढे, कडुनिंबाच्या सावलीत, गाडी थांबली. झटका नाही, धूर नाही. ओळखीच्या दारी बैल उभा राहावा तशी. शामरावजी उतरले, बॉनेट उघडलं, आत हात घातला, तमाखूची डबी काढली, परत खिशात ठेवली आणि मग आम्हाला सांगितलं, "बंद पडली."

घराच्या दारात बेबी उभी होती. कडेवर पोरगी. यमुनाबाई गाडीतच बसून राहिल्या, कारण बोलावणं नव्हतं. मायलेकींच्या मधात फार तर एक बैलगाडी वळेल एवढी जागा होती. ती कोणी ओलांडेना. मी हातवारे करून म्हणालो, उतरा ना काकू. त्यांनी मान हलवली.

शामरावजी बॉनेटमध्ये डोकं घालून उभे. पाना इकडून तिकडे, तिकडून इकडे. नागपुरात जो गाडीचा बिघाड हात लावायच्या आधी ओळखायचा, तो माणूस ऊन कलेपर्यंत नुसता पाना फिरवत होता. गावातली माणसं जमली. शेवटी दादारावजी ओट्यावरून उतरले. सावकाश. या घटकेची त्यांनी किती वाट पाहिली असेल, ते त्यांच्या चालीवरून कळत होतं.

"काय झालं, इवाई?"

"समजून नाही राहिलं."

"तुम्हाले?"

"मले."

दादारावजींनी जमलेल्या लोकांकडे एकदा बघून घेतलं. "फॅनबेल्ट तं नाही तुटला?"

सारा निंब हसला. मला वाटलं, आता हा माणूस पेटणार. शामरावजींनी बॉनेटमधून डोकं बाहेर काढलं.

"बेल्ट चांगला आहे. मलेच नाही जमून राहिलं, दादारावजी. हरलो."

हसणं आपोआप थांबलं. दादारावजींनी एकदा खिचडीकडे पाहिलं, एकदा आत बसलेल्या यमुनाबाईंकडे. मग मागं वळून न बघता हाक दिली, "बेबी, पाणी आण वं. अन् तुह्या मायले म्हण, उतरा खाली. घर आहे हे."

दिवेलागणीला आम्ही ओसरीवर बसलो होतो. आत मायलेकींचं बोलणं चालू होतं, दोघी एकाच वेळी बोलत होत्या. नात शामरावजींच्या मांडीवर. तिला ग्रीस लागू नये म्हणून त्यांनी दोन्ही हात हवेत धरले होते, मेंदी काढलेल्या नवरीसारखे. पोरगी त्यांच्या मिशा ओढत होती आणि त्यांना ती अडवता येत नव्हती.

"तमाखू आहे का, इवाई?" दादारावजींनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता त्यांच्या खिशातून डबी काढून उघडली.

मी शेजारीच होतो. डबीत तमाखू नव्हती. बोटाच्या पेराएवढा एक काळा तुकडा होता. मला मोटारीतलं काही समजत नाही. त्याला रोटर म्हणतात आणि तो काढला की इंजिन गप्प बसतं, हे वसंतानं मला नंतर सांगितलं. दादारावजींना सांगावं लागणार नव्हतं. त्यांच्या गोठ्याशेजारी जीप उभी होती. शामरावजींचे हवेतले हात हवेतच राहिले.

दादारावजींनी डबी बंद केली. परत त्यांच्या खिशात घातली आणि वरून हलकेच थोपटली.

"संपली दिसते तमाखू," म्हणाले. मग खिचडीकडे बघत, "गाडी काही आज बनत नाही, इवाई. चार-आठ दिवस लागतीन."

"लागतीन," शामरावजी म्हणाले.

मी दुसऱ्या दिवशी एसटीनं परत आलो. नाशिक कोणीच पाहिलं नाही. आठ दिवसांनी खिचडी गोळीबार चौकात शिरली, तेव्हा मागच्या सीटवर बेबी आणि तिची लेक होती, उन्हाळाभर राहायला. शामरावला स्वतःचीच गाडी बनवता आली नाही, ही गोष्ट मोहल्ल्यानं चवीनं चघळली. त्यांनी चघळू दिली. मला दोघातिघांनी सांगितलं, यावर एक पत्रक काढ. काढलं नाही.

एकदा गॅरेजात गेलो तर ते ट्रकखाली होते, बाहेर नुसते पाय. भिंतीवर जहाज होतंच. मी विचारलं, मग पुढल्या वर्षी तरी जहाज नक्की ना?

ट्रकखाली एक नट आवळला गेला.

"जहाज चांगलंच गा. पण ते कोणाच्या दारापुढं बंद पडत नाही," ते म्हणाले, आणि हात बाहेर आला. "तो मोठा पाना दे इकडं."