वीस ग्रॅमची तूट

टेबलावर मोजून अकरा गोष्टी होत्या: एक तराजू, सात पितळी वजनं, एक लॅपटॉप, त्याचं रिकामं खोकं, आणि अकरावी म्हणजे बाबांची मूठ. ती नुकतीच आपटली होती, त्यामुळे तराजूचा काटा अजून थरथरत होता.

"वीस ग्रॅम कमी भरतोय," बाबा म्हणाले. आवाजात दुःख नव्हतं. दाबून ठेवलेला आनंद होता. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी त्यांना चोर सापडला होता, आणि तोही घरबसल्या.

मिमीने खोक्यावरचा आकडा वाचला. एक किलो सहाशे पन्नास. मग पारड्यातली वजनं पाहिली. किलो, पाचशे, शंभर, वीस, दहा. काटा हळूहळू स्थिरावून मधोमध उभा राहिला. गणित चोख होतं, आणि म्हणूनच तिला त्याचा राग आला.

मिमी हे काही तिचं खरं नाव नव्हे. सातव्या वर्षी कुणीतरी उंची विचारली तेव्हा तिने ती मिलिमीटरमध्ये सांगितली होती. तेव्हापासून नाव चिकटलं. पुढे तिने पदार्थविज्ञानात पदवी घेतली आणि तारांगणासाठी चित्रफिती बनवणाऱ्या एका छोट्या कचेरीत लागली. जुना लॅपटॉप सुटकेसएवढा जाड होता. त्याचा चार्जर कुणाला मारला असता तर पोलीस आले असते. म्हणून पगारातून साठवून साठवून तिने हा घेतला होता: वहीएवढा पातळ, राखाडी, गेम खेळणाऱ्यांसाठी बनवलेला, दिवसा चंद्र-तारे फिरवणारा आणि रात्री, आता खरं ते सांगायला हवं, राक्षस मारणारा.

"राक्षस मारायला इतके पैसे?" आई पहिल्या दिवशी म्हणाली होती. "पूर्वी फुकट मारायचे."

पैसे मिमीचे असले तरी घरात मोठी वस्तू बाबांच्या 'ठीक आहे'शिवाय राहत नसे. दुकानाने परत करायला सात दिवस दिले होते. सहा दिवस बाबा नुसते त्याच्याभोवती फिरले. आज सातव्या दिवशी त्यांनी तराजू काढला.

बाबा म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. त्यांच्या काळात ते बाजाराच्या एका टोकाला दिसले की दुसऱ्या टोकाला खरी वजनं गल्ल्याखालून बाहेर यायची. दुकानात पाऊल टाकताच नमस्काराच्या आधी त्यांचं एकच वाक्य असे: "वजन उलटं करा." वजनाच्या पोटात भोक आहे का, पारड्याखाली मेणाचा पासंग चिकटवलाय का, सगळं त्या एका वाक्यात उघडं पडे. निवृत्त होताना सहकाऱ्यांनी त्यांना हा तराजू आणि वजनांचा संच भेट दिला. बाबा निवृत्त झाले, वजनं मात्र झाली नाहीत. आईने त्यांना घरकामाला लावलं. कुणी कागदांवर बसलं, कुणी दारापाशी, कुणी लोणचं दाबायला गेलं. आज सकाळी बाबांनी सगळ्यांना हुडकून, कपड्याने पुसून, पुन्हा कामावर रुजू करून घेतलं होतं.

"बाबा, वीस ग्रॅमने काय होतं?"

"मिमे, मापात पाप ते पाप. वीस ग्रॅम असो की वीस किलो. आणि तू भाव बघ ना. सोनं सोडलं तर ग्रॅमला इतका भाव मी बघितलेला नाही. उठ, परत करून येऊ."

"आत्ता नाही. समुद्र चालू आहे."

समुद्र म्हणजे चंद्रामुळे भरती कशी येते ते दाखवणारी चित्रफीत. लाटेचा थेंब न थेंब लॅपटॉप सकाळपासून मांडत होता आणि काम निम्म्यावर आलं होतं. संध्याकाळी पाचपर्यंत ती तारांगणात पोचली नाही, तर पहिल्या खेळाला प्रेक्षकांपुढे कोरडा समुद्र.

"बंद कर, उद्या कर."

"बंद केलं की पहिल्यापासून सुरुवात."

"मग तुझ्या सुटकेसवर कर."

"तिला तीन दिवस लागतील." मग मिमी एक वाक्य जास्त बोलली. माणूस नेहमी तेच एक वाक्य जास्त बोलतो. "ह्याचा पातळपणा त्यासाठीच तर आहे, बाबा. हा कुठेही काम करतो. चालतासुद्धा."

"असं?" बाबा उठले. "मग चल. चालत."

दुकान दोन चौक पलीकडे होतं. पुढे बाबा, एका हातात तराजू, दुसऱ्या हातात वजनांची पेटी, काखेत खोकं. मागे मिमी, दोन्ही तळव्यांवर उघडा लॅपटॉप, त्यात उसळणारा समुद्र. पंखा पिठाच्या गिरणीसारखा घोंगावत होता आणि तळवे तव्यावर टेकल्यासारखे भाजत होते. समोरून येणारी माणसं लग्नाच्या वरातीला द्यावी तशी वाट देत होती.

"काय विकताय?" एका आजींनी विचारलं.

"भरती," मिमी दातओठ खात म्हणाली. पंचावन्न टक्के.

दुकानात टाय लावलेला विक्रेता हसतमुखाने धावत आला. बाबांनी काचेच्या काउंटरवर तराजू मांडला, लॅपटॉप पारड्यात ठेवला आणि वजनं रचली. पारड्याची कड उंच होती. लॅपटॉप तिच्यावर मोठ्या ताटासारखा बसला.

"बघा. वीस ग्रॅम कमी."

विक्रेत्याच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं. "अरे वा, सर. म्हणजे आणखी हलका. नशीबवान आहात."

"नशीबवान?"

"सर, हलका आहे म्हणूनच तर महाग आहे."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे जितकं कमी द्याल तितके जास्त घ्याल? माझ्या नोकरीत याला एक शब्द होता."

"आमच्याकडेपण आहे, सर. प्रीमियम."

आता व्यवस्थापक आले. गोरेमोरे, हातात रुमाल. खोक्यावरचा आकडा सुमारे असतो, असं ते म्हणाले.

"सुमारे हे वजन दाखवा मला," बाबांनी पेटी पुढे केली. "यात सात आहेत. सुमारे कुठलं?"

बघे जमू लागले. तेवढ्यात लॅपटॉपच्या पडद्यावर प्रश्न आला: पुढे जायचं का? होय की नाही? मिमीने पारड्यातच होय दाबलं. पारडं खाली गेलं, काटा डोलला.

"वाढलं," मागून कुणी तरी म्हणालं.

तिने बोट उचललं.

"कमी झालं."

"ताई, जरा हळू टायपा, सरकारी वजन चाललंय."

बाबा वाकून काट्याकडे बघत होते. "हे यंत्र श्वास घेतंय. खालून वारा सोडतंय आणि काटा नाचतोय. अशी नोंद मी मानणार नाही. बंद कर."

"बाबा, समुद्र."

बाप-लेकीची नजरानजर झाली. बाबा कडक होते, पण काम अर्धवट सोडणाऱ्यांची त्यांना चीडच होती. "बरं. होऊ दे तुझं. मग बंद करून शेवटचं वजन, आणि परत. तोवर बाजूला ठेव."

रिकाम्या पारड्याकडे बघून बघ्यांना राहवेना. एका बाईंनी नुकतीच घेतलेली इस्त्री पुढे केली. "हीपण बघा ना, साहेब. बाराशे लिहिलंय."

'साहेब' ऐकून बाबा दोन इंच वाढले. (मिमीच्या अंदाजाने पन्नास मिलिमीटर.) इस्त्री अकराशे ऐंशी भरली. बाईंनी कपाळाला हात लावला. मग एक गृहस्थ स्पीकर घेऊन आले. तेराशेचा, भरला बाराशे ऐंशी. गर्दीत कुजबुज उठली. एका कॉलेजकन्येने हेडफोन ठेवले: अडीचशे लिहिलेले, अडीचशे भरले. तिचा चेहरा पडला, आपल्यालाच कसं फसवलं नाही म्हणून. केस वाळवायचं यंत्र पाचशेचं, बरोबर पाचशे.

व्यवस्थापकांचा रुमाल ओला झाला होता. "साहेब, एक बॅग देतो. फुकट."

"लाच?" बाबांनी नुसतं विचारलं. टाळ्या पडल्या. पाच वर्षं दाराआड धूळ खात असलेला माणूस आज पुन्हा बाजाराचा राजा झाला होता. मिमीने त्यांना इतकं ताठ उभं राहिलेलं कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच तिच्या डोक्यात किडा वळवळला.

लॅपटॉप वीसने कमी. इस्त्री वीसने. स्पीकरही वीसने. हेडफोन मात्र बरोबर, केसांचं यंत्रही बरोबर. चोर एवढा शिस्तीचा नसतो. इस्त्री आणि स्पीकर वेगवेगळ्या कारखान्यांतले. ते दोघं ठरवून तेवढेच वीस ग्रॅम कशाला खातील? किलोच्या वरचं सगळं चुकतंय, किलोच्या खालचं सगळं बरोबर. म्हणजे...

फोन वाजला. आई.

"अगं, दाराचं वजन कुठे नेलंय ह्यांनी? वाऱ्याने सारखं दार आपटतंय, छातीत धस्स होतंय माझ्या."

"कुठलं वजन, आई?"

"मोठं. किलोचं."

मिमीने आवाज खाली आणला. "त्याला तू काही केलं होतंस का?"

"मी काय करणार? फरशीवर ओरखडे उठत होते म्हणून ह्यांच्या जुन्या चपलेच्या टाचेची चकती कापून खाली चिकटवली. अशी बसलीये, कळतसुद्धा नाही. काढू नका हं ती."

समुद्र शहाण्णव टक्के.

काउंटरपलीकडे व्यवस्थापकांनी हात टेकले. "साहेब, तुम्ही जिंकलात. लॅपटॉप परत घेतो. पैसे पूर्ण. आत्ताच्या आत्ता."

बाबांनी विजयी चेहऱ्याने लेकीकडे पाहिलं. मिमीने बाबांकडे, मग लॅपटॉपकडे. गप्प बसलं तर लॅपटॉप गेला. बोललं तर ह्या सगळ्यांदेखत बाबा गेले. असं वजन तिने आजवर कधी केलं नव्हतं, आणि त्याला काटाही नव्हता.

ती बाबांच्या कानाशी वाकली. जगात एकच वाक्य असं होतं, जे त्यांना कुणी शिकवलेलं लागणार नव्हतं.

"बाबा. वजन उलटं करा."

"कुणाचं?"

"तुमचं. किलोचं."

बाबा पारड्याकडे वळले. त्यांनी किलोच्या वजनाकडे पाहिलं. ते पारड्याच्या उंच कडेआड साळसूदपणे बसलं होतं. ते उचलून गुपचूप पेटीत टाकणं सोपं होतं. कुणाला पत्ता लागला नसता. व्यवस्थापक तर पैसे मोजायला वळलेही होते.

बाबांनी घसा खाकरला. मग सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा, जुन्या, बाजार हलवणाऱ्या आवाजात त्यांनी स्वतःलाच हुकूम सोडला:

"वजन उलटं करा."

आणि केलं. अंगाला पितळ, पितळावर सरकारी शिक्का, आणि बुडाला काळ्या रबराची गोल चकती, चपलेच्या टाचेवरच्या नक्षीसकट.

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबांनी त्या दिशेला पाहिलं तसं ते हसू परत आत गेलं.

"सदर वजन सदोष आहे," बाबा म्हणाले. "वापरणारा इसम मी. सवयीने दुसऱ्यांची उलटी केली, घरचं केलं नाही." मग टायवाल्या विक्रेत्याकडे वळून त्यांनी हात जोडले. "तुला चोर म्हटलं. चुकलं."

"जाऊ द्या ना, सर."

"जाऊ द्यायचं असतं तर तीस वर्षं नोकरी कशाला केली असती?"

त्यांनी नखाने चकती उचकटली, जप्त केल्यासारखी खिशात घातली, आणि इस्त्रीवाल्या बाईंना परत बोलावलं. इस्त्री बाराशे. स्पीकर तेराशे. गंमत अशी, की आपण फसलो नाही हे कळून कुणालाच आनंद झाला नाही. बाईंनी तर पुन्हा एकदा बघायला लावलं.

तेवढ्यात लॅपटॉपची गिरणी थांबली. पडद्यावर चंद्र वर आला आणि त्याच्यामागून पाणी चढू लागलं, दगड बुडवत, किनारा भरत. बघे पडद्याभोवती जमले. बाबाही बघत राहिले. मिमीने फीत तारांगणात पाठवली. पाच वाजायला अजून अवकाश होता. बॅटरीत नऊ टक्के.

"हे सगळं यानं रस्त्यात केलं?" बाबांनी विचारलं.

"थोडं रस्त्यात, थोडं पारड्यात."

"तापला होता?"

"खूप. आणि आवाजही करतो. ते खोटं नाही सांगणार."

"आवाज मीपण करतो." बाबा व्यवस्थापकांकडे वळले. "पैसे आत ठेवा. परत नाही करायचा. काम चालू असताना याला उन्हातून फिरवला, पारड्यात बसवला, चोर ठरवला. याने हातातलं काम टाकलं नाही. नोकरीभर मी असा एक कारकून शोधत होतो."

"मग भाव?" मिमीने हळूच विचारलं.

"भाव जास्तच आहे," बाबा म्हणाले. "पण ठीक आहे."

मिमीने लॅपटॉप बंद केला आणि पारड्यात ठेवला. बाबांनी वजनं लावली: किलो, पाचशे, शंभर, पन्नास. काटा एकदा डावीकडे गेला, एकदा उजवीकडे, आणि मधोमध थांबला. परतीच्या वाटेवर तराजू मिमीने घेतला. लॅपटॉप बाबांनी छातीशी धरला होता आणि वाट द्या, वाट द्या म्हणत ते पुढे चालले होते.

घरी दार आपटतच होतं. आई कमरेवर हात ठेवून उभी होती. "माझं रबर?"

बाबा टेबलाशी बसले. त्यांनी खिशातली चकती काढून एका पारड्यात ठेवली आणि दुसऱ्यात पेटीतलं एक छोटं वजन. तिघंही वाकून बघू लागले.

वीस ग्रॅम.